मागाच्या खड्ड्यातली मशीन

नत्थूजी हेडाऊंच्या घरी व्हिडिओ गेमची मशीन आली ती १९८६ च्या उन्हाळ्यात, हातगाडीवर उताणी झोपून, अंगावर पांढरी चादर घेऊन. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीतल्या बायांनी दारात येऊन डोक्यावर पदर ओढला. कोणीतरी गेलं, एवढं त्यांना कळलं; कोण, ते विचारायचं राहिलं होतं.

त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही. ज्या खोलीत मशीन नेली जात होती, त्या खोलीतला हातमाग महिन्याभरापूर्वीच गेला होता. आधी विणकर सोसायटीचं सूत कमी येऊ लागलं, मग उशिरा येऊ लागलं, मग येईनासं झालं. चाळीस वर्षं ज्या मागावर नत्थूजींनी नऊवारी लुगडी विणली त्याचं लाकूड एका लग्नाच्या स्वयंपाकाला गेलं. पंगत चांगली झाली म्हणे. नत्थूजींनी फक्त बसायची फळी ठेवून घेतली. "उद्या सूत आलंच तर बसाले तं काही पाह्यजे," असं ते सांगत. सूत आलं तर माग कुठून येणार, हे त्यांना कोणी विचारलं नाही. गल्लीत तेवढी रीत होती. दोन पावड्याही राहिल्या, त्या मात्र कोणी घेतल्याच नाहीत म्हणून. पायानं दाबायच्या त्या पट्ट्या खड्ड्याच्या तळाशी दोरीला तशाच लोंबत होत्या.

मशीन होती गुलाबचंदची. इतवारीतला हा व्यापारी पूर्वी नत्थूजींची लुगडी उचलायचा. आता तो गल्लोगल्ली खेळ ठेवायचा. काळाबरोबर चालणं म्हणतात ते हेच. बाकीचे लोक ते कुरकुरत करतात, गुलाबचंद हसतमुखानं करायचा. त्या दिवशी हमालांना पत्ता सांगून तो कुणाच्या तरी बारशाला गेला, आणि तिथेच घोटाळा झाला.

खोली अरुंद. मधोमध मागाचा खड्डा, कमरेपेक्षा थोडा कमी खोल. विणकर त्याच्या काठावर फळी टाकून बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या चालवतो. त्याच्या पाठीशी लगेच भिंत. हमालांनी विचारलं, "कहां रखना है, काका?" नत्थूजींनी मशीन पाहिली. लाकडाची उंच पेटी, वर काच, मध्ये हातानं चालवायचा दांडा. हातानं चालवायची वस्तू कुठे ठेवतात, याबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नव्हती. त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी गुलाबचंद आला आणि दारातच थबकला. मशीन खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून, घरचं माणूस असल्यासारखी उभी होती. दांडा बरोबर फळीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी आला होता.

"ये क्या कर दिया, नत्थूजी? ये खडे होके खेलने की चीज है!"

"उभ्यानं कोण काम करते जी?"

"अरे काम नहीं है, खेल है।"

"मंग तं बसूनच पाह्यजे," नत्थूजी म्हणाले.

हमाल निघून गेले होते, आणि गुलाबचंदला ती एकट्यानं उचलता येण्यासारखी नव्हती. "देखते हैं," तो म्हणाला. नागपुरात 'देखते हैं' म्हटलं की ती व्यवस्था कायम झाली असं धरून चालतात.

फळीवर दोघं बसत. एक खेळे आणि दुसरा आपली पाळी येईपर्यंत त्याच्या बाजूला बसे. मागे भिंत असल्यामुळे पाठीशी उभं राहायला जागाच नव्हती. बाकीची पोरं दोन्ही बाजूंनी जमिनीवर बसत. सीताबर्डीवरच्या पार्लरमध्ये पोरं म्हणे एकमेकांच्या खांद्यावरून खेळत, मागून टपल्या मारत, दांडा हिसकावत. इथे सगळा कारभार पंगतीसारखा. खेळात वरून हिरवे किडे रांगेनं खाली उतरत आणि खालच्या तोफेनं ते मारायचे असत. गल्लीत त्याचं नाव पडलं 'किडेवाला'.

खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या कांड्यांच्या टोपलीशी, लतिका बसलेली असे. नत्थूजींची नात, दहा वर्षांची.

लतिकेबद्दल सांगायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं, की त्या काळी सक्करदऱ्यात मुलांचे तीनच प्रकार होते: हुशार, ढ आणि वांड. लतिका तिन्हींत बसेना. तिला पाढे येत, पण विचारल्यावर येत नसत. ती कुणाच्या तोंडाकडे पाहायची नाही. मागून कोणी हात लावला तर किंचाळायची, आणि ते किंचाळणं सुरू झालं की थांबवणं तिच्याही हातात नसे. सुताच्या रिकाम्या कांड्या ती टोपलीतून काढून रांगेनं लावी, रांग पुरी झाली की मोडून पुन्हा लावी. शेजारची मनकर्णाबाई म्हणायची, "काही नाई वं इंदू, भारी नजर लागली पोरीले." नजर उतरवण्यात बरीच मोहरी गेली.

तिची आई इंदुताई ही नत्थूजींची एकुलती मुलगी. नवरा मारोतराव सावनेरकडच्या कोळसा खाणीत. तिथे क्वार्टर होतं, पण शाळेसाठी मायलेकी इकडे राहत आणि तो रविवारी येई. आता ती शाळाच हातची जायला आली होती. वर्गात मुलं टाटपट्टीवर ओळीनं बसत. मागच्या मुलीनं एकदा लतिकेची वेणी ओढली, आणि तेव्हापासून ती बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या माठाजवळ बसू लागली. मुख्याध्यापिका कुसुमताई वाईट नव्हत्या. त्यांनी इंदुताईला बोलावून सांगितलं:

"तिनं बोललंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण वर्गात, कुणाच्या तरी बाजूला बसली पाहिजे. व्हरांड्यात बसलेल्या मुलीची हजेरी मी किती दिवस भरू? दिवाळीपर्यंत पाहते. मग नाव काढावं लागेल."

मारोतरावाला यात अडचण दिसली नाही. "मंग मी घेऊन जातो तिले. क्वार्टरात राहील. शाळा नाई, कटकट नाई, कोणी हसणार नाई."

"कोणी असणारच नाई," इंदुताई म्हणाली.

"तेच तं म्हणून राहिलो."

तेव्हा प्रश्न एवढाच होता: पोरगी दिवाळीपर्यंत दुसऱ्या एका माणसाच्या बाजूला बसेल की नाही. नत्थूजींनी आयुष्यात कठीण काठ पुष्कळ विणले होते. हा कुठल्या बाजूनं धरावा, ते त्यांना कळेना.

आता देवाजी. देवाजी हा नऊ वर्षांचा होता. कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्या भैयाजींचा मुलगा. आजोबांचं नाव ठेवलेला. त्यामुळे मोठीच पंचाईत झाली होती. त्याच्या आईला सासऱ्याचं नाव घेता येत नसे, म्हणून ती त्याला 'ओ भाऊ' म्हणे, आणि बापाला मारतानाही 'देवाजी' म्हणावं लागे, त्यामुळे माराची निम्मी मजा जाई. आणि मार त्याला पुष्कळ बसे, कारण देवाजी एका जागी राहू शकत नव्हता. शाळेत, लतिकेच्याच वर्गात, त्याला पहिल्या रांगेत, मास्तरांच्या हाताच्या अंतरावर बसवत. तिथूनही तो निघून जाई. कुठे जायचं असतं असं नाही. पाय जात, मागून देवाजी जाई.

फळीवर मात्र तो बसला. पाय खड्ड्यात सोडले, पायांना जुन्या पावड्या सापडल्या, आणि त्या तो दाबू लागला. खटक, खटक. त्यानं काहीच होत नव्हतं; वर किडे उतरत होते, खाली पावड्या चालत होत्या, दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण कमरेवरचा देवाजी शांत होता. एका पोरानं तक्रार केली, "आबाजी, हा पाय वाजवून राहिला."

"वाजवू दे," नत्थूजी म्हणाले. बऱ्याच दिवसांनी खोलीत तो आवाज आला होता.

देवाजीचे हात तिखट होते, पण तिसऱ्या लाटेतले किडे आले की तो हमखास मरे. एका दुपारी तसाच मरायच्या बेतात असताना खोलीत कुणीतरी म्हणालं, "डाव्याकून दोन."

देवाजीनं विचार न करता तोफ डावीकडे नेली. डावीकडून दोन किडे उतरले आणि गेले.

"मंग मधून एक. मंग काहीच नाई. मंग उजव्याकून तीन."

तसंच झालं. देवाजी पहिल्यांदा चौथ्या लाटेत पोहोचला आणि आनंदाच्या भरात तिथे लगेच मेला. "अबे कोण बोलून राहिलं?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. नत्थूजींनी चहाच्या बशीत पाहिलं. लतिका कांड्यांकडे पाहत होती. त्या तिनं आज वेगळ्याच लावल्या होत्या: डावीकडे दोन, मध्ये एक, थोडी जागा, उजवीकडे तीन.

किडे दर वेळी त्याच क्रमानं येत. इतरांना ते मारायचे होते, म्हणून कोणी पाहिले नव्हते. नत्थूजींच्या मनात आलं, ही पोरगी इतके दिवस काठाची नक्षी पाठ करत होती की काय. पण ते बोलले नाहीत. माग चालू असताना मध्ये बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवाजी आला तो टोपलीपाशी गेलाच नाही. फळीवर बसला, पाय सोडले आणि मशीनच्या काचेला म्हणाला, "चौथीत काय येते वं?"

"आधी उजव्याकून," कोपऱ्यातून उत्तर आलं.

"आयकू नाई येत."

ही थाप होती. खोली एवढीशी. लतिका उठली, फळीच्या अगदी टोकाला बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाठ भिंतीला टेकवली आणि काचेकडे पाहत म्हणाली, "आधी उजव्याकून. चार."

पुढच्या दिवसांत ती मधली जागा कमी होत गेली. कोणी ती मोजली नाही, नत्थूजींनीसुद्धा नाही. त्यांनी फक्त एकदा पाहिलं की आता त्या जागेत चहाची कपबशी मावते, आणि नंतर एकदा पाहिलं की मावत नाही. लतिका स्वतः फारशी खेळत नसे. ती सांगे. हळूहळू दुसरी पोरंही तिच्या बाजूला बसून काचेला प्रश्न विचारू लागली आणि ती काचेला उत्तरं देऊ लागली. प्रश्न नुसते किड्यांचे राहिले नाहीत. एकदा देवाजी म्हणाला, "मले मास्तर लय मारते." लतिका म्हणाली, "मधून एक. काहून?" देवाजी म्हणाला, "माहीत नाई वं." मग दोघांनी मिळून तो एक मारला.

नत्थूजी हे ऐकत आणि त्यांना अनुसयाबाई आठवत. अनुसयाबाई म्हणजे त्यांची बायको. जाऊन सहा वर्षं झाली होती. ते फळीवर विणत आणि ती बाजूला रहाटावर कांड्या भरे. त्यांचे डोळे काठावर, तिचे सुतावर. इंदूचं लग्न, घराचा पत्रा, भावकीतली भांडणं, सगळं त्यांनी असंच, एकमेकांकडे न पाहता ठरवलं. समोरासमोर बसून बोलले असतील ते फक्त लग्नात, आणि तेव्हा मध्ये अंतरपाट होता. ती गेल्यावर फोटो करायची वेळ आली तेव्हा कळलं, घरात फोटोच नाही. चित्रकारानं विचारलं, तीळ कुठल्या गालावर? नत्थूजी म्हणाले उजव्या, इंदुताई म्हणाली डाव्या. चित्रकारानं वैतागून तीळ काढलाच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोचा तीळ सांगता येऊ नये, याची नत्थूजींना मनातून शरम होती. आता या दोघांना पाहून ती शरम थोडी पातळ झाली, एवढं खरं.

भादव्यात गल्लीतली नळाची लाईन फुटली. दोन-तीन दिवसांत पाणी जमिनीतून झिरपत खड्ड्याच्या भिंतीत उतरलं. कोष्ट्यांच्या घरी हे नेहमीचं. माग लाकडाचा असतो, तो वाळतो. मशीन वाळत नाही. तिनं एक ठिणगी टाकली आणि किड्यांसकट बंद पडली. गुलाबचंद हमाल घेऊन आला, तिला वर काढून उन्हात ठेवलं, दुरुस्त केली आणि तिच्या जन्मजात स्वभावाप्रमाणे भिंतीला लावून उभी केली.

"अब देखो, कैसी शान से खडी है।"

शानसे उभी होती खरी. पोरं तिच्यासमोर उभी राहिली, त्यांच्या मागे दुसरी, त्यांच्या मागे तिसरी. मागून ढकलणं, टपली, हिसकाहिसकी, सगळं सीताबर्डीसारखं रीतसर सुरू झालं. लतिका तिच्या जागी, म्हणजे काचेजवळ गेली, आणि कुणीतरी मागून तिच्या खांद्यावरून हात घालून दांडा पकडला.

ती किंचाळली. मशीनचा आवाज, पोरांचा आवाज आणि तिचा, असे तिन्ही ऐकून मनकर्णाबाई चुलीवरचं सोडून धावत आली. लतिका खाटेखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. देवाजी खोलीभर धावला, दोघांना पाडलं, आणि भैयाजी येऊन त्याला मानाच्या नावानं हाक मारत घेऊन गेले.

आठवड्याभरात गुलाबचंद मशीन सीताबर्डीवर घेऊन गेला. "कमरे में सीलन है, नत्थूजी। बुरा मत मानना।" नत्थूजींनी वाईट मानलं नाही. लुगडी घेणं थांबवलं तेव्हाही तो असंच म्हणाला होता.

दिवाळीला थोडे दिवस राहिले. इंदुताईनं लतिकेचे कपडे पेटीत भरायला घेतले. एक फ्रॉक भरायची आणि परत काढून धुवायची. रविवारी मारोतराव आला. दारात चप्पल काढता काढता त्यानं आत पाहिलं आणि तसाच एका पायावर थांबला.

खड्डा रिकामा होता, वाळला होता. काठावर फळी होती. फळीवर लतिका आणि देवाजी, पाठी भिंतीला, पाय खाली सोडून बसले होते. समोर, जिथे काच असायची तिथे, पलीकडच्या भिंतीचा पोपडे आलेला चुना होता. दोघं त्याच्याकडे पाहत होते.

"डाव्याकून दोन," लतिका म्हणाली.

देवाजीनं हवेत दांडा वळवला. खाली पावडी वाजली. "मेले."

"मधून एक."

"मेला."

"आता काहीच नाई."

दोघं काहीच नसलेलं तेवढा वेळ पाहत राहिले. देवाजीसुद्धा.

मारोतरावानं सासऱ्याला बाजूला घेतलं. "मामाजी, हे काय करून राहिले?"

"खेळून राहिले."

"मशीन कुठं हाय?"

"गेली बर्डीले."

"मंग हे खेळून काय राहिले?"

नत्थूजींनी थोडा विचार केला. "ते मले बी नाई माहीत," ते म्हणाले. "पण तिच्या बाजूले पोट्टा बसला हाय, ते पाह्यलं का?"

मारोतरावानं पाहिलं. खाणीतला माणूस; अंधारात पाहायची सवय असलेला. तो बराच वेळ पाहत होता. मग त्यानं दुसरी चप्पल काढली, आत आला आणि इंदुताईला म्हणाला, "पेटी कायले काढून ठेवली खाली? पाय अडकते." पेटी त्यानंच माळ्यावर ठेवली.

पण शाळा राहिलीच होती. सोमवारी सकाळी नत्थूजी खांद्यावर फळी आणि हातात एक पावडी घेऊन शाळेच्या फाटकातून आत गेले. शिपायाला वाटलं, सुतार आला.

"वर्गाच्या मागच्या भिंतीले टेकून ठेवतो," त्यांनी कुसुमताईंना सांगितलं. "विटांवर. दोघं बसतीन. मागं कोणी नाई पाह्यजे, बस."

"दोघं कोण?"

"लतिका. अन भैयाजीचा देवाजी."

कुसुमताईंनी चष्मा काढला. "नत्थूजी, ते दोघं वेगवेगळे असताना माझी ही दशा आहे."

"हाव."

"आणि देवाजीला मी शेवटी बसवू? तो पहिल्या रांगेतून पळतो!"

"पहिल्या रांगेतून दार जवळ हाय, बाई."

कुसुमताईंनी दाराकडे पाहिलं. मग पावडीकडे बोट केलं. "आणि हे काय?"

"त्याच्या पायाले."

"यानं काय होतं?"

"काहीच नाई होत," नत्थूजी म्हणाले. शाळेत खड्डा खणायची परवानगी मिळणार नाही हे ते जाणून होते, म्हणून त्यांनी तो विषय काढला नाही.

कुसुमताई जराशा हसल्या. त्यांना हसू आलं हे त्यांनाही उशिराच कळलं असावं. "एक आठवडा," त्या म्हणाल्या. "आवाज झाला तर फळी तुमच्या घरी पाठवीन."

"आवाज तं होईन बाई. खटक खटक होईन. बाकी नाई होणार."

नत्थूजींनी भिंतीशी विटा रचल्या, फळी टाकली, हातानं दाबून पाहिली. बसून बसून तिला खोलगट आकार आला होता, तो जरा डावीकडे होता. त्यांनी फळी सरकवली, आकार मधोमध आणला. मग उठले.

घंटा झाल्यावर ते फाटकाबाहेर जाऊन चिंचेखाली थांबले. तिथून वर्गाची खिडकी दिसे. मुलं आत गेली. लतिका व्हरांड्यात माठापाशी थांबली. आतली फळी तिला दारातून दिसली असणार. ती भिंतीच्या कडेनं, कुणाला न शिवता, मागे गेली आणि फळीच्या टोकाला बसली. देवाजी धावत आला, टाटपट्टीवरच्या तिघांना तुडवत पहिल्या रांगेत गेला, तिथे त्याला कुणी बसू दिलं नाही, आणि तो वर्गाच्या मध्ये उभा राहून गरगर पाहू लागला.

लतिका फळ्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते चिंचेखाली ऐकू येणं शक्य नव्हतं, पण देवाजी उजवीकडे वळला, दोन मुलींना चुकवलं, मध्ये एकाला वळसा घातला, आणि फळीवर येऊन आदळला. लतिका दचकली, अंग चोरलं. पण उठली नाही. थोड्या वेळानं खिडकीतून आवाज येऊ लागला. खटक. खटक.

दुपारी नत्थूजी घरी आले आणि सवयीनं खड्ड्याच्या काठाशी बसायला गेले. फळी नव्हती. फळी गेली म्हणजे सूत येण्याची वाट पाहायचं कारणही गेलं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. ते तसेच जमिनीवर बसले आणि पाय खाली सोडले.

इंदुताई चहा घेऊन आली. बशी ठेवली, जायला वळली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ती पण बाजूला बसली. पाठ भिंतीला टेकली. दोघं समोरच्या पोपड्यांकडे पाहत राहिले.

"बसली?" तिनं भिंतीला विचारलं.

"बसली," नत्थूजींनी भिंतीला सांगितलं.

तिनं डोळे पुसले असावेत. नत्थूजींनी पाहिलं नाही. बशीतला चहा निवला. पलीकडे मनकर्णाबाई कुणाला तरी ओरडत होती.

"बाबा," इंदुताई म्हणाली, "आईचा तीळ डाव्याच गालावर होता."

"उजव्या," नत्थूजी म्हणाले.

"तुमी तिच्या उजव्या बाजूले बसत होते. म्हणून तुमाले तसं वाटते."

नत्थूजींनी फळीवरची आपली जागा आठवली, रहाटाची जागा आठवली, हवेत हात करून दोन्ही जुळवून पाहिल्या. "मंग तं मले उजवाच गाल दिसला असंन ना वं," ते म्हणाले. "म्हणजे त्याच गालावर."

इंदुताईनं हिशेब करून पाहिला. मग हसली, आणि दोघं पुन्हा समोर पाहत राहिले.